आकडा

रात्री पावणेबाराला रणजित आला
तेव्हा शर्टाखाली आकडा होता.
पोती उचलायचा, लाकडी मुठीचा, त्याच्या बापाचा.
कांदा-बटाटा मार्केटात बावीस वर्षं,
मुठीला बापाच्या तळव्याचा खळगा पडलाय,
पोराच्या हातात ती नीट बसत नव्हती.

"मालनताई, आडवी येऊ नको," म्हणाला.
मी आडवी नव्हतेच. मी लसूण सोलत होते.
वाट मोकळी होती,
आणि तरी तो सांगायला आला होता.
ज्याला खरंच जायचं असतं
तो तुर्भे स्टोअरमध्ये कुणाला सांगून जात नाही.

भाऊ वाशीला, पालिकेच्या दवाखान्यात. चौदा टाके.
भांडण पाण्याच्या पाइपावरनं.
पाइप दीडशे रुपयांचा.

"राग कुठं बसलाय?" मी विचारलं.
शिबिरात हे शिकवलं तेव्हा मला हसू आलेलं,
राग काय पाहुणा आहे, बसायला?
पण पोरं उत्तर देतात.
कुणी छाती म्हणतं, कुणी पंजे.
रणजित बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दातांत."

मी सूप त्याच्यापुढं सरकवलं.
"एवढा सोल. किलोमागं मिळतं ते तुझं."
लसणाचं एक बरं असतं,
घाई केली की पाकळी फुटते
आणि नखाखाली झोंबते.
पहिल्या दहा त्यानं फोडल्याच.

माझ्या पोराचं नाव मी घेतलं नाही.
गल्लीला ते माहीत आहे, रणजितला तर आहेच,
नववीपर्यंत दोघं एका बाकावर.
ते नाव मी असल्या कामाला काढत नाही.

साडेबाराला मोईनचा फोन. तो पलीकडच्या गल्लीत,
ज्यानं मारलं त्याच्या ओट्यावर,
सकाळी त्याला स्वतः चौकीत नेणार होता.
"इकडं कॅरम चाललाय," म्हणाला, "तिकडं?"
"इकडं लसूण."
"बरं."

मग मी बाकीचं काढलं.
बाहेरनं आणायच्या औषधांची चिठ्ठी कुणाकडं?
रेशनकार्ड केशरी की पिवळं?
बिलाच्या माफीची खिडकी नवाला उघडते, रांग आठला लागते,
तुझ्या आईला वाचता येत नाही.
तू आत गेलास तर अर्ज कोण भरणार?
तो उसळला. "तुला बिलाचं पडलंय?"
"हो," म्हटलं, "बिलाचंच पडलंय."

दोनच्या सुमारास रडला.
मी वर बघितलं नाही.
पाणी कांद्यानं येतं, लसणानं येत नाही,
एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

तीनला मी घड्याळाकडं मान केली.
"बापाची चारची पाळी ना तुझ्या? गाड्या लागल्या असतील.
हातात आकडा नसला तर माणूस काय
दातानं पोती उचलणार?"

त्यानं तो शर्टाखालून काढला.
फडक्यानं मूठ पुसली, का कोण जाणे,
लसणाचा वास लागला असं वाटलं असेल.

मी दारात उभी राहिले.
कोपऱ्यावरून डावीकडं त्याचं घर.
गेल्या दिवाळीत एक जण असाच बसला होता माझ्याकडं,
चहा प्याला, पाया पडला,
आणि उजवीकडं वळला.
रणजित कोपऱ्यावर थांबला. चपलेचा अंगठा नीट केला.
खूप वेळ लावला त्या अंगठ्याला.
डावीकडं.

महिनाअखेरीला एक कागद येतो,
किती मारामाऱ्या, किती जखमी, आकडा लिहा.
जे झालं नाही
त्याला रकाना नाही.
शेवटी थोडी कोरी जागा असते,
तिथं मी लिहिलं:
लसूण, पावणेतीन किलो.
साहेब विचारतील, हे काय.
विचारू देत.